आठल्ये बाईंचे पाढे आणि माझी सही

व्यासपीठावर बसलेले संस्थेचे अध्यक्ष, विश्वस्त मंडळी, बाईंच्या धाकट्या भगिनी मालतीताई, शाळेतले आजी-माजी शिक्षक, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दुपारच्या वर्गातल्या सगळ्या जणी.

मागे खुर्च्या संपल्यात, ते मला इथून दिसतंय. पुढच्या दोन रांगा मात्र रिकाम्या आहेत आणि त्यांवर 'निमंत्रित' अशा चिठ्ठ्या लावल्यात. शोकसभेचं निमंत्रण असतं हे मला आजच कळलं. मंगलताई, पुढे या. सगळ्या जणी या. चिठ्ठ्या काढून ठेवा बाजूला. मी थांबतो.

बसलात? ठीक.

मी दिगंबर फाटक. शनिवार पेठेत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मला भाषण करता येत नाही. गिऱ्हाइकाशी बोलता येतं, पण गिऱ्हाईक कंटाळलं तर उठून जाऊ शकतं. आज तुम्हाला तशी सोय नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मला सांगण्यात आलंय की पाच मिनिटं बोला आणि वादाचे विषय काढू नका. अहो, वादाचे विषय टाळून आठल्ये बाईंबद्दल बोलायचं म्हणजे त्यांचं जन्मसाल तेवढं सांगता येईल. आणि ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

तेव्हा मी वादाचंच बोलणार आहे. आधीच्या तीन वक्त्यांनी बाई किती प्रेमळ होत्या ते सांगितलं. माझ्याशी त्या प्रेमळ नव्हत्या. माझ्याशी त्या नीट वागल्या, आणि मी त्यांच्याशी नीट वागलो नाही. म्हणून इथे उभं राहणं मला जड जातंय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या सभागृहाच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, शाळेचा संगणक कक्ष आहे. त्यात बावीस कॉम्प्युटर आहेत. सकाळी तिथे शाळेची मुलं शिकतात. दुपारी दोन ते चार आठल्ये बाई पेठेत स्वयंपाकाची, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायकांना शिकवायच्या. फुकट शिकवायच्या. निवृत्त झाल्यावरही रोज यायच्या. परवा सोमवारी एक टेम्पो येणार आहे आणि ते बावीस कॉम्प्युटर भंगारात जाणार आहेत. खोलीचं बैठकीचं दालन होणार आहे, वातानुकूलित. दुपारचा वर्ग बंद. कारण काय? तर प्रोसेसर जुने झाले. तसा लेखी दाखला संस्थेकडे आहे. त्या दाखल्यावर सही आहे ती माझी.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

अकरा-बारा वर्षांपूर्वी बाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या. शाळेला बावीस कॉम्प्युटर घ्यायचे होते. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधला विचार करणारा भाग, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी आम्ही दुकानदार तो गिगाहर्ट्झवर विकायचो. म्हणजे एका सेकंदात तो किती टिचक्या वाजवतो, त्या आकड्यावर. गिऱ्हाईक यायचं आणि कांद्याचा भाव विचारावा तसं विचारायचं, कितीचा आहे? आकडा मोठा तर माल चांगला. माझ्याकडे जुन्या जातीचे, तीन गिगाहर्ट्झचे नग पडून होते. नव्या जातीचे आले होते ते दोनच गिगाहर्ट्झचे होते. नवे चांगले होते, हे मला माहीत होतं. पण पडून होते ते जुने. म्हणून मी बाईंना म्हणालो, तीन घ्या, तीन हे दोनापेक्षा मोठे असतात. हे मी गणिताच्या शिक्षिकेला सांगत होतो.

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, माणूस किती पावलं टाकतो ते सांगू नका, एका पावलात किती पुढे जातो ते सांगा. मग त्यांनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात शाळेचा निकाल होता, सहाशे मुलांचा, सगळ्या विषयांचा. म्हणाल्या, दोन्ही मशीनवर हाच निकाल लावा, मी बघते. मी लावला. बाई काउंटरपाशी उभ्या राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं जप करतायत. दुकानात उदबत्ती लावलेली होती, शोभलंही असतं.

त्या पाढे म्हणत होत्या. बेपासून. मोठ्या आकड्याच्या जुन्या मशीनला निकाल लावायला नवाच्या पाढ्यापर्यंत वेळ लागला. छोट्या आकड्याच्या नव्यानं पाचाच्या पाढ्यात काम संपवलं. बाईंनी नवे बावीस घेतले आणि जाताना विचारलं, फाटक, हे तुम्हाला माहीत नव्हतं का? मी म्हणालो, होतं. मग बरं, म्हणाल्या, अडाणी माणसाकडून विकत घ्यायची मला भीती वाटते.

हे मी मुद्दाम सांगतोय. गेले पंधरा दिवस या इमारतीत असं बोललं जातंय की बाईंना जुन्याचा लोभ होता, त्या काळाबरोबर चालत नव्हत्या. अहो, त्या दिवशी पेठेतलं प्रत्येक गिऱ्हाईक जुनं उचलत होतं आणि एकट्या बाई नवं घेऊन गेल्या. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. सोनंसुद्धा त्यांनी कसाला लावून घेतलं असतं.

पाढ्यांनी वेळ मोजायची त्यांची सवय लहानपणापासूनची. त्यांच्या आई दूध पाढ्यांवर तापवायच्या, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मालतीताई मान डोलावतायत, म्हणजे खरं असावं. बाईंनी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं, त्यांच्या तोंडून एक पाढा नऊ सेकंदांत होतो. त्यानंतर त्यांना घड्याळाची गरज उरली नाही.

दुपारच्या वर्गात हीच सवय आली. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतो. बटण दाबलं की नुसतं बघत बसायचं. बाई म्हणाल्या, बघत बसायचं नाही, पाढे म्हणायचे. बावीस बायका बटणं दाबायच्या आणि एका सुरात बेपासून सुरुवात करायच्या. मी कधी प्रिंटर दुरुस्त करायला गेलो की जिन्यातच ऐकू यायचं. तेराचा पाढा संपता संपता पडदे उजळायचे. बारा पाढे. या मंगलताईंची शाळा चौथीत सुटली होती. आज त्यांचे पाढे माझ्या नातवापेक्षा पक्के आहेत. चार घरांत स्वयंपाक करून त्या दुपारी यायच्या. मराठी टायपिंगची परीक्षा पास झाल्या. आता दर महिन्याला गॅसचा, दुधाचा, रेशनचा तक्ता स्वतः करतात आणि मालकिणींनाही करून देतात. मी त्यांना एकदा विचारलं होतं, हे मशीन जुनं आहे, कंटाळा येत नाही का? त्या म्हणाल्या, "माझ्या बोटांपेक्षा ते जलदच हाय की."

तीस वर्षांत प्रोसेसरवर मी अनेक तज्ज्ञांची मतं ऐकली. याहून नेमकं एकही ऐकलं नाही.

आता गेल्या महिन्यातल्या बैठकीकडे येतो. अध्यक्ष महाशय, आपण होतात. मी होतो. बाई होत्या. संस्थेची वाघोलीला नवी शाळा झालीय. तिथे पंचवीस नवे कॉम्प्युटर घ्यायचे होते, ते माझ्याकडूनच घेतले जाणार होते. त्याला बाईंचा विरोध नव्हता. हे नीट ऐका, कारण तेही उलट सांगितलं जातंय. वाघोलीच्या पोरांना नवंच मिळालं पाहिजे, हे त्यांचे त्या बैठकीतले शब्द आहेत. त्यांचा प्रश्न एवढाच होता की वाघोलीला नवं घेताना इथलं, नारायण पेठेतलं मोडायचं कशाला?

आपण म्हणालात, जुन्या प्रोसेसरवर आज काही शिकवणं म्हणजे विद्यार्थ्यांची फसवणूक आहे. आणि दुपारच्या बायकांना शिकायचंच असेल तर त्यांनी वाघोलीला यावं. इच्छा असेल तर माणूस कुठूनही येतो, असंही म्हणालात. दुपारी दोनला इथल्या घरातली भांडी आवरायची, दोन बस बदलून वाघोलीला जायचं, नगर रस्त्याच्या गर्दीतून परत यायचं आणि पाचला दुसऱ्या घरात कणीक मळायची. आपण एकदा करून बघा. आपल्याकडे गाडी आहे, तिनं करून बघा.

बाईंनी बैठकीत वही काढली. त्यांनी वाघोलीसाठी आणलेल्या नमुन्याच्या नव्या मशीनवर आणि वरच्या जुन्या मशीनवर तीच कामं करून बघितली होती. पत्र टाइप करणं, दोन्हीकडे सारखंच. बोटं जेवढी चालतील तेवढंच. सहाशे मुलांचा निकाल लावणं, नव्यावर बेच्या पाढ्यात, जुन्यावर पूर्वीसारखंच पाचाच्या पाढ्यात. आणि स्नेहसंमेलनाची फिल्म जोडणं. ते नव्यानं पाव तासात केलं आणि जुन्यानं एक तासाच्या वर वेळ घेऊन मध्येच बसकण मारली. हेही त्यांनी वाचून दाखवलं. कोणी विचारलं नव्हतं. फिल्म जोडायची तर नवंच हवं, असं त्यांनीच सांगितलं. मग म्हणाल्या, माझ्या वर्गात कोणी फिल्म जोडत नाही.

राहिलं सुरू होणं. नवं मशीन वीस सेकंदांत सुरू होतं, हे मी स्टॉपवॉचवर मोजून सांगितलं. बाईंनी जुन्याचे सांगितले एकशे आठ. बारा पाढे, नऊ सेकंदांचा एक. दोन मिनिटांच्या आत. विश्वस्तांपैकी दोघं-तिघं म्हणाले, दोन मिनिटं काही फार नाहीत, राहू दे वर्ग. बाई जिंकल्या होत्या. चहा आला. चहानंतर ठराव व्हायचा होता.

चहा चालू असताना बाईंनी माझं स्टॉपवॉच मागितलं. व्हरांड्यात गेल्या. मला काचेतून दिसत होत्या, ओठ हलत होते. परत आल्या त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, ठराव करू नका, माझ्या आकड्यात चूक आहे. नऊ सेकंदांचा पाढा माझा एकटीचा आहे. वर्ग म्हणतो तो तसा नसतो. कोणी सतरा म्हणतं, कोणी अठरा म्हणतं, सगळ्या थांबतात, बरोबर उत्तर येतं, मग पुढे जातात. वर्गाचा पाढा सोळा सेकंदांचा आहे. आणि मशीनचे बारा पाढे मी वर्गाच्याच तोंडून मोजले होते. तेव्हा एकशे आठ नव्हे, तीन मिनिटं बारा सेकंद. इतकी वर्षं मी चुकीचा आकडा सांगत आले. दुरुस्त करून घ्या.

मंडळी, खोलीत कोणालाच ती चूक कळली नव्हती. कधी कळलीही नसती. आणि ही बाई स्वतः उभी राहून स्वतःचा आकडा पाडते. आपल्यापैकी किती जणांनी केलं असतं? मी तर नाही. पुढे काय झालं ते सांगतो. सुंठीवाचून खोकला गेला. अध्यक्ष म्हणाले, बघा, बाईच म्हणतायत. तीन मिनिटांहून जास्त. प्रोसेसर कालबाह्य आहेत. मग माझ्याकडे वळून विचारलं, काय फाटक, तुमचं तज्ज्ञ म्हणून मत काय?

मला उत्तर माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतं असं उत्तर. कॉम्प्युटर सुरू होताना जो वेळ जातो तो या मशीनमध्ये प्रोसेसर खात नाही. डिस्क खाते. जिच्यात सगळं साठवलेलं असतं ती जुनी, फिरत्या तबकडीची डिस्क. स्वयंपाकीण चपळ आहे, पण कोठीतून डाळ-तांदूळ आणून देणारा म्हातारा एकेक पायरी चढत येतोय. त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवा, स्वयंपाक वेळेत होतो. हल्ली तबकडी नसलेली डिस्क मिळते. ती बसवायला मला अर्धा तास लागतो. प्रोसेसरचा दोष नाही, एवढं एक वाक्य मी बोलायचं होतं.

मी मिठाची गुळणी धरून बसलो. पंचवीस नव्या मशीनचं काम हातात होतं, अध्यक्षांना मध्येच खोडायचं कशाला, असा विचार केला. विचार केला म्हणतो, तो खरा भित्रेपणा होता. दुसऱ्या दिवशी संस्थेचा माणूस टाइप केलेला दाखला घेऊन दुकानात आला. 'प्रोसेसर कालबाह्य, यंत्रे निरुपयोगी.' त्याच्याशिवाय भंगारात काढता येत नाही. मी सही केली, शिक्का मारला.

तीन दिवस मी जेवलो नाही असं काही म्हणणार नाही. जेवलो. पण चौथ्या दिवशी एक डिस्क घेऊन वरच्या खोलीत गेलो. वर्ग सुरू व्हायला वेळ होता. बाई एकट्याच फळ्यापाशी होत्या. मी सगळं सांगितलं. डिस्कचं सांगितलं, दाखल्याचं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "सही केलीत?"

मी म्हणालो, "हो."

"वाचून?"

"हो, बाई. चूक झाली."

त्या म्हणाल्या, "चूक माझी झाली होती, फाटक. तुमची चूक नाही."

एवढंच बोलल्या. आवाज चढला नाही. मला वाटलं असतं तर मी त्याचा सोयीचा अर्थ लावून घरी गेलो असतो. पण मला अर्थ बरोबर कळला. तीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि मग त्या म्हणाल्या, डिस्क आणलीय तर बसवा, उभे काय राहिलात.

मी बसवली. तोवर बायका आल्या. या वेळी आम्ही दोन्ही मापं लावली, माझं स्टॉपवॉच आणि वर्गाचे पाढे. मंगलताईंनी बटण दाबलं. बेचा पाढा झाला. तिनाचा सुरू झाला. तीन नव्वे सत्तावीस म्हणेपर्यंत पडदा उघडला. स्टॉपवॉचवर एकतीस सेकंद. नव्या मशीनचे वीस. तोच जुना प्रोसेसर, अकरा-बारा वर्षांचा. फरक किती? अकरा सेकंद. या अकरा सेकंदांसाठी ही संस्था बावीस मशीन भंगारात घालते आहे आणि बावीस बायकांना घरी बसवते आहे. मी हे माझ्या मनाचं सांगत नाही, मी मोजलंय. बाईंनी मोजलंय. वर्गानं मोठ्यानं म्हणून मोजलंय.

वर्गात मात्र कोणी टाळी वाजवली नाही. एक जण म्हणाली, मॅडम, मग आता तेरापर्यंतचे पाढे कधी म्हणायचे? बाई हसल्या. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. म्हणाल्या, मशीन सुरू झाल्यावर म्हणायचे, कोणी अडवलंय?

त्याच दिवशी त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं. नवा आकडा, जुना आकडा, स्वतःची चूक, सगळं त्यात होतं. माझ्या सहीबद्दल एक शब्द नव्हता. मी म्हणालो, बाई, तेही लिहा. त्या म्हणाल्या, ते तुम्ही लिहायचं. मी म्हणालो, लिहितो. आज लिहितो, उद्या लिहितो, असं करत राहिलो. बाई स्वतः ते पत्र घेऊन कार्यालयात गेल्या. तिथे त्यांना सांगितलं गेलं, ठेवून जा. पोच दिली नाही. ज्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं तिथे त्यांना कागदावर एक सही मिळाली नाही. उत्तर तर आलंच नाही.

पत्र दिल्यापासून नवव्या दिवशी सकाळी बाई गेल्या. हृदयविकाराचा झटका. त्या मनस्तापानं गेल्या असं मी म्हणणार नाही. न मोजता केलेलं विधान त्यांना चाललं नसतं. पण उत्तराची वाट बघत गेल्या, हे मात्र खरं आहे, कारण आदल्या संध्याकाळी त्यांनी मला फोन करून विचारलं होतं, काही आलं का? आणि मी म्हणालो होतो, नाही. माझं पत्र लिहून झालं का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला त्यांची फार आठवण येते.

आधीच्या एका वक्त्यांनी सांगितलं की बाईंच्या नावानं नव्या वातानुकूलित दालनाला नाव देणार. उत्तम. त्यांचा वर्ग मोडून त्याच खोलीला त्यांचं नाव द्यायचं, याला कल्पकता लागते. वर तसबीरही लावाल. हार घालाल. आणि खाली खुर्चीत बसून म्हणाल, काळाबरोबर चाललं पाहिजे. अहो, काळाबरोबर कोण चालत होतं? ज्यांनी वहीत जुनं आणि नवं शेजारी शेजारी लिहून खरं ते वाचून दाखवलं, त्या? की ज्यांनी एकदाही ते मशीन सुरू करून बघितलं नाही, ते? नवं मशीन वाईट नाही. मी विकतो, मला माहीत आहे. ज्याला लागतं त्यानं जरूर घ्यावं. पण कोणाला काय लागतं हे ठरवायच्या आधी त्या माणसाला विचारायचं असतं. ते इथे फक्त एका बाईंनी विचारलं.

सूत्रसंचालक मला घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं केव्हाच झाली, मला ठाऊक आहे. बसा आपण. आणखी थोडं आहे.

मंडळी, श्रद्धांजली म्हणून लोक हार आणतात. मी माझ्या दुकानाच्या लेटरहेडवर एक कागद आणलाय. वाचतो.

'आपल्या नारायण पेठ शाखेतील संगणक कक्षाच्या बावीस यंत्रांचे प्रोसेसर कालबाह्य व यंत्रे निरुपयोगी असल्याचा दाखला मी दिला होता. तो दाखला खोटा होता. तो खोटा आहे हे सही करताना मला माहीत होते. सदर यंत्रांचे प्रोसेसर दुपारच्या वर्गाच्या कामास पुरेसे आहेत. दोष जुन्या डिस्कचा आहे व तो दूर होऊ शकतो. एका यंत्राचा दूर केला असून ते कोणीही येऊन पाहावे. माझा दाखला मी मागे घेत आहे. त्याच्या आधारावर एकही यंत्र खोलीबाहेर नेऊ नये. नेल्यास या पत्राची प्रत घेऊन मी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाईन.' खाली सही. वाचून केलेली.

उरलेल्या एकवीस डिस्क माझ्या दुकानात आहेत. उद्या रविवार आहे. सकाळी दहाला मी वर येणार आहे आणि बसवायला सुरुवात करणार आहे. खोलीला कुलूप असलं तर जिन्यात बसेन, माझ्याकडे डबा असतो. सोमवारी टेम्पो आला तर मी तिथेच असेन. वाघोलीचं काम माझ्याकडून काढून घ्यायचं असेल तर आज, आत्ता, या माइकवरून जाहीर करा. दुसरे दुकानदार पुष्कळ आहेत, त्यांच्याकडून घ्या. पण ते दुकानदारसुद्धा आता हा दाखला देणार नाहीत, याची व्यवस्था मी करीन. शनिवार पेठेत बोलायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

मंगलताई, तुम्ही सगळ्या जणी आज संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी इथे आला आहात. कुठल्या तरी घरात आज जेवायला उशीर होणार, कोणीतरी बोलणार तुम्हाला. तरी आलात. सोमवारी दुपारी दोनला वर्ग आहे. शिकवायला मी येईन. मला बाईंसारखं येणार नाही, पाढेही माझे कच्चे आहेत. तुम्ही दुरुस्त करा.

बाई, तुम्ही लिहायला सांगितलं होतं ते लिहिलं. उशिरा लिहिलं. तुम्ही असताना लिहायला हवं होतं. माझा नमस्कार घ्या.

आता रिवाजाप्रमाणे आपण सगळे उभे राहून बाईंना शांतपणे श्रद्धांजली वाहू या. अध्यक्ष महाशय, आपण बसून राहिलात तरी चालेल. हा कागद मी आपल्यासमोर ठेवतो, ही त्याची दुसरी प्रत, आणि हे पेन. बाईंना मिळाली नव्हती ती पोच मला हवी आहे. तारीख घाला, सही करा. बाकी सगळे कृपया उभे राहा. आपण अध्यक्षांची सही होईपर्यंत स्तब्ध राहणार आहोत.